तोंडातल्या बुरशीवरचं जेल : चिकटतं ते टिकतंच असं नाही

खलबत्ता (धागाकर्ता)

मधुमेह, कवळी, दम्याचा पंप, जबड्यावर-मानेवर घेतलेलं रेडिएशन, लांबलेला अँटिबायोटिक्सचा कोर्स. यातलं एखादं घरात असलं की कधी ना कधी कुणाच्या तरी तोंडात पांढरा थर दिसतो. कापसानं पुसला तर निघतो आणि खाली लाल, हुळहुळणारी जागा उरते. हे कँडिडाचं काम, बहुतेक वेळा कँडिडा अल्बिकन्सचं. ही यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडातही असते, पण लाळ, बाकीचे जीवाणू आणि प्रतिकारशक्ती तिला डोकं वर काढू देत नाहीत.

औषधं काही नवी नाहीत. निस्टॅटिन १९५० चं, क्लोट्रिमॅझोल आणि मायकोनॅझोल साठच्या दशकाच्या अखेरची. प्रयोगशाळेतल्या ताटलीवर कँडिडा त्यांना बऱ्यापैकी दाद देते. तोंडात मात्र घोडं लाळेपाशी अडतं. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, वर जीभ सतत काहीतरी चाटत, ढकलत असते. लावलेलं औषध काही मिनिटांत पोटात. म्हणून निस्टॅटिनचं पातळ औषध दिवसातून चार वेळा, तोंडात घोळवत शक्य तितका वेळ धरून ठेवायचं. क्लोट्रिमॅझोलची चोखायची गोळी दिवसातून पाच वेळा, तीही दोन आठवडे. पाच वेळा गोळी चोखणारा रुग्ण मी अजून पाहिलेला नाही. दोन दिवस बरं वाटतं, मग बाटली फ्रिजवर जाते.

यावर उतारा म्हणून म्युकोअडेसिव्ह जेल, म्हणजे तोंडाच्या अस्तराला धरून राहणारं आणि औषध हळूहळू सोडणारं जेल. मी एम.फार्म.ला शिकवलंय आणि कंपनीत फॉर्म्युलेशनही केलंय, त्यामुळे या विषयावरचे प्रबंध गठ्ठ्यानं वाचलेत. औषधाचं नाव बदलायचं, जेल घट्ट आणि चिकट करणारा पॉलिमर बदलायचा, बाकी प्रकरणं तीच. शेवटच्या पानावर ‘एफ-५ हे फॉर्म्युलेशन सर्वोत्तम ठरले’. आणि दुकानात? तेच माउथ पेंट, तोंडात लावायचं पातळ औषध.

माझं म्हणणं एवढंच की आपण चुकीची गोष्ट मोजतोय. जेल ओढून काढायला किती जोर लागतो हे मोजतो. रुग्णाला हवं असतं ते हे की वाहत्या लाळेत किती तासांनंतर त्या जागी बुरशी मारण्याइतकं औषध उरतं. या दोन गोष्टी एक नाहीत.

जोर कसा मोजतात ते सांगतो. जुना दोन पारड्यांचा तराजू घ्यायचा. एका बाजूचं पारडं काढून तिथे काचेची छोटी कुपी उलटी टांगायची. तिच्या बुडाला बोकडाच्या गालाच्या आतलं अस्तर फेविक्विकनं चिकटवायचं, तसाच दुसरा तुकडा खालच्या ठोकळ्यावर. मध्ये जेल, वर थोडा वेळ वजन, मग दुसऱ्या पारड्यातल्या भांड्यात सलाइनच्या सेटमधून थेंब थेंब पाणी. ज्या थेंबाला तुकडे सुटतात तिथे पाणी थांबवून वजन करायचं, ग्रॅमचे न्यूटन करायचे, झाला तक्ता. अस्तर मिळवणं हाच खरा प्रयोग. मटणवाला मुंडी भाजून ठेवतो आणि भाजली की अस्तर वाया. त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, सकाळी बर्फ आणि बफर घेऊन हजर राहावं लागतं, आणि ‘सर, याचं करता काय?’ याचं उत्तर द्यावं लागतं.

या सगळ्यात लाळ कुठे आहे? जीभ कुठे आहे? मेलेल्या अस्तरावर, एका जागी, थेट वर ओढून घेतलेला आकडा. तोंडात जेल कुणी वर ओढत नाही. ते पातळ होतं, घासलं जातं, वाहून जातं.

कार्बोपॉल या नेहमीच्या पॉलिमरचंच घ्या. अर्धा-एक टक्का पावडर पाण्यात हळूहळू भुरभुरायची (घाई केली की गुठळ्यांचे ‘फिश आइज’ होतात आणि ते रात्रभर ढवळूनही जात नाहीत), ट्रायइथेनॉलअमाइननं पीएच वर नेला की पारदर्शक, देखणं, घट्ट जेल. पण लाळेतल्या सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमच्या क्षारांनी तेच जेल ढिलं पडतं. शिवाय ६.८ पीएचला त्याचे बहुतेक आम्लगट आयनरूपात गेलेले असतात, त्यामुळे म्युसिनशी (अस्तरावरच्या बुळबुळीत थरातलं प्रथिन) हायड्रोजन बंध जुळवायला मोकळे गट कमी उरतात. घट्टपणा मोजणाऱ्या ब्रुकफील्ड व्हिस्कोमीटरवरचा आकडा बरणीतल्या जेलचा असतो, तोंडातल्या नव्हे.

दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटते: जेल आधीच पाणी पिऊन बसलेलं असतं, म्हणून त्याची पकड कोरड्या गोळीपेक्षा किंवा पट्टीपेक्षा कमी. कोरडा पापड टाळूला चिकटतो, भिजलेला चिकटत नाही. कोरडा पॉलिमर अस्तरातलं पाणी ओढून घेतो, फुगतो, त्याच्या साखळ्या म्युसिनमध्ये शिरतात. जेलला ही पहिली ओढ नसते. त्याची जमेची बाजू वेगळी आहे. ते पसरतं, सुजलेल्या जागेला टोचत नाही, कवळीच्या आत लावता येतं.

---

दातओठ

दंतवैद्य आहे, म्हणून दोन शब्द. लेख पटला, पण एक खोडा घालतो. फ्लुकोनॅझोलची गोळी दिली की औषध रक्तातून लाळेत उतरतं आणि लाळेतलं प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास असतं. म्हणजे लाळच औषध होते, दिवसभर, न चिकटवता. मग जेलचा आटापिटा कशाला?

---

खलबत्ता

@दातओठ, खोडा रास्त आहे. मध्यम ते तीव्र आजारात फ्लुकोनॅझोलच, यात वाद नाही. अमेरिकेतल्या इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तसंच आहे: सौम्य असेल तर क्लोट्रिमॅझोलची चोखायची गोळी किंवा मायकोनॅझोलची चिकटणारी गोळी, त्यापुढे फ्लुकोनॅझोल रोज १०० ते २०० मिलिग्रॅम, ७ ते १४ दिवस.

पण रेडिएशननं लाळग्रंथीच सुकल्या असतील तर ते औषध उतरणार कशात? आपल्याकडे तंबाखू-मावा-गुटख्यामुळे तोंडाचे कॅन्सर किती, हे तुम्ही रोज पाहता. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे हाच कोरडेपणा येतो. दुसरं, फ्लुकोनॅझोल यकृतातल्या एन्झाइम्सना अडवतं, आणि ज्या वयात हा आजार होतो त्या वयात बाकीच्या गोळ्यांचा डबा भरलेला असतो. तिसरं, कँडिडाच्या क्रुसेई या प्रजातीवर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही आणि ग्लॅब्राटा या प्रजातीवर भरवशाचं नाही. थोड्याशा पांढऱ्या थराला दर वेळी पोटातून औषध दिलं की मागे हेच चिवट नमुने उरतात.

---

चावट_बोका

मटणवाल्याचा किस्सा आवडला. अस्तर काढून उरलेल्या मुंडीचं काय करता, हे प्रबंधात लिहितात का? 😋

---

ठाणेकरीण

वाचतेय. मला विज्ञान फारसं कळत नाही, पण प्रश्न घरचा आहे. आईला (वय ७४) मधुमेह आहे, वरची कवळी आहे, आणि हृदयाची झडप बदलल्यामुळे रक्त पातळ ठेवायची असेनोकुमरॉलची गोळी कायमची. टाळूला कवळीच्या आकारात लालभडक झालंय. भावानं दुबईहून मायकोनॅझोलच्या ओरल जेलची ट्यूब आणलीय. जेलच तर आहे, पोटात कुठे जातंय, म्हणून लावायला सुरुवात करणार होतो. चालेल ना?

---

दूरदेशी

@ठाणेकरीण ताई, थांबा. लावू नका. मी न्यू जर्सीत फार्मसिस्ट आहे आणि हा प्रश्न इथेही येतो. ओरल जेल शेवटी गिळलंच जातं. मायकोनॅझोल यकृतातलं सीवायपी२सी९ नावाचं एन्झाइम अडवतं. वॉरफरिन, असेनोकुमरॉल ही औषधं शरीरातून काढायचं काम बऱ्याच अंशी त्याच एन्झाइमकडे आहे. मग रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ होतं. तोंडात लावायच्या जेलमुळे आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) भलताच चढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०१६ मध्ये यासाठी खास इशारा दिला होता. आधीच थोडं लावून झालं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, आयएनआर तपासायला सांगतील.

निस्टॅटिन आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही, त्यामुळे त्याची अशी भानगड नाही. पण काय द्यायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवू देत.

---

दातओठ

दूरदेशींना पूर्ण दुजोरा. आणि ताई, कवळीच्या आकारात लाल झालंय म्हणजे अर्धा आजार कवळीत आहे. ॲक्रिलिकच्या बारीक खाचांत कँडिडाचा बायोफिल्म, म्हणजे चिवट थर, बसतो. टाळूला कितीही भारी औषध लावा, सकाळी तीच कवळी घातली की पुन्हा लागण. रात्री कवळी काढायचीच. ‘काढली की तोंड बोळकं दिसतं’ म्हणून झोपतानाही घालणाऱ्या आज्या मला रोज भेटतात. ब्रशनं घासून, क्लोरहेक्सिडिनमध्ये बुडवून ठेवा, सकाळी स्वच्छ धुऊन घाला. फक्त निस्टॅटिन चालू असेल तर क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या त्याच वेळी नकोत. दोघं एकत्र आले की न विरघळणारा क्षार होतो आणि दोन्ही निकामी. मध्ये पुरेसं अंतर ठेवा. कवळी सैल झाली असेल तर तीही दाखवून घ्या. शिवाय साखर आटोक्यात आल्याशिवाय हे परत परत होणार.

धागाकर्त्यांसाठी: नुसतं अस्तराला चिकटणारं जेल कवळीवाल्यांना पुरत नाही. मी औषध कवळीच्या आतल्या बाजूला लावायला सांगतो. तिथे कवळीच झाकणाचं काम करते, लाळ कमी पोचते. तुमच्या तराजूवर ॲक्रिलिकचा तुकडा कुणी लावलाय का?

---

ठाणेकरीण

दोघांचे मनापासून आभार. अजून एकदाही लावलं नव्हतं. ट्यूब कपाटात टाकली, उद्या आईला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेतेय. कवळीचं तर कुणी सांगितलंच नव्हतं.

केमिस्टनं आधी ‘तोंड आलंय’ म्हणून एक मलम दिलं होतं, त्यानं जास्तच लाल झालं. त्यात स्टेरॉइड होतं हे आता खोका वाचून कळलं.

---

खलबत्ता

@ठाणेकरीण, हे फार वेळा होतं. तोंडाच्या फोडांसाठी ट्रायमसिनोलोनची चिकट पेस्ट मिळते. फोडांना ती बरोबर, बुरशीवर मात्र आगीत तेल. गंमत अशी की म्युकोअडेसिव्ह म्हणून ती पेस्ट उत्तम असते! जिलेटिन, पेक्टिन आणि सोडियम सीएमसीची पावडर मिनरल ऑइलच्या बेसमध्ये. पाणी नसलेला बेस, त्यामुळे पावडर कोरडीच राहते आणि अस्तरावर गेल्यावर ओल शोषून धरते. वर पापडाबद्दल लिहिलं ते हेच. बुरशीनाशक जेलवाल्यांनी या जुन्या बेसकडे पुन्हा बघायला हवं असं माझं मत.

@दातओठ, ॲक्रिलिकचा तुकडा लावायची सूचना विद्यार्थ्यांना जरूर देणार.

---

दूरदेशी

कोरड्या पॉलिमरचा विषय निघाला म्हणून. मायकोनॅझोल ५० मिलिग्रॅमची चिकटणारी गोळी अमेरिकेत एप्रिल २०१० मध्ये मंजूर झाली. दिवसातून एकदा, १४ दिवस. वरच्या सुळ्याच्या वर हिरडीत जो खळगा असतो तिथे गोळीची फुगीर बाजू ठेवायची आणि बाहेरून ओठावर बोट दाबून ३० सेकंद धरायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला. सरासरी सुमारे १५ तास टिकते. पहिल्या ६ तासांत सुटली तर तीच परत लावायची; गिळली गेली तर पाणी पिऊन नवी. एचआयव्ही असलेल्या रुग्णांवरच्या चाचणीत ती दिवसातून पाच वेळा चोखायच्या क्लोट्रिमॅझोलच्या तोडीस तोड ठरली. चिकटवणारा भाग दुधातल्या प्रथिनांचा आहे, म्हणून दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असणाऱ्यांना वर्ज्य.

अडचण किमतीची. विम्यानं नाही म्हटलं की लोक काउंटरवरूनच परत जातात आणि डॉक्टर फ्लुकोनॅझोल लिहितात.

---

पिंपरीकर

आमच्या गावाचं नाव या धाग्यात यायलाच हवं. निस्टॅटिनचं नाव न्यूयॉर्क स्टेटवरून पडलं. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून काढलं. तसंच आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये साठच्या दशकात एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटानं हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि ‘हॅमायसिन’मधलं ‘हॅ’ कंपनीच्या आद्याक्षरांचं. कँडिडासाठी ते तोंडात लावायला वापरलं जायचं. आमच्या वडिलांच्या पिढीतले कामगार ते नाव अभिमानानं घेत.

---

खलबत्ता

@पिंपरीकर, वा! आणि हे अवांतर अजिबात नाही. निस्टॅटिन, हॅमायसिन, अँफोटेरिसिन ही सगळी पॉलिइन कुटुंबातली. बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतात आणि पटल गळकं करतात. पाण्यात विरघळत नाहीत, आतड्यातून शोषली जात नाहीत. पोटातून द्यायला तो दोष, तोंडात लावायला तोच गुण. जागेवरच राहणारं, इतर गोळ्यांशी न भांडणारं औषध जेलसाठी अगदी योग्य. तरी प्रबंधांमध्ये क्लोट्रिमॅझोल आणि फ्लुकोनॅझोलचीच रांग, कारण ती सहज मिळतात आणि यूव्हीवर, म्हणजे अतिनील प्रकाश किती शोषला यावरून, मोजायला सोपी. फ्लुकोनॅझोलचं जेल हे तर मला कोडंच आहे. ते पाण्यात बरं विरघळतं आणि लाळेबरोबर सर्वात आधी निघून जातं.

---

शिकाऊ_औषधनिर्माता

सर नमस्कार. मी एम.फार्म. दुसऱ्या वर्षाला आहे आणि (लाजत सांगतो) माझा विषय क्लोट्रिमॅझोलचं, चिटोसान या पॉलिमरमधलं जेल हाच आहे. 🙈 गाइडांनी तराजू आणि कप-प्लेट (ताटलीतल्या कँडिडावर औषध ठेवून बघायची चाचणी) दोन्ही सांगितलंय. चिटोसान एक टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवतोय. झोन ऑफ इनहिबिशन, म्हणजे औषधाभोवती कँडिडा न वाढलेलं वर्तुळ, बाजारातल्या पेंटपेक्षा मोठा आलाय. गाइड खूश आहेत. हे बरोबर आहे का?

---

खलबत्ता

@शिकाऊ_औषधनिर्माता, लाजायचं काय त्यात. विषय चांगला आहे, फक्त तीन ठिकाणी हात घाल.

पहिलं, औषध नसलेलं कोरं जेलही त्याच ताटलीत ठेवलंस का? चिटोसानवर धन भार असतो. म्युसिनमधल्या सियालिक ॲसिडच्या ऋण भाराला ते धरतं म्हणून चिकटतं, आणि त्याच धन भारामुळे ते स्वतःही कँडिडाला मारक असतं. शिवाय ॲसेटिक ॲसिड आहेच. कोऱ्या जेलचा झोन वजा न करता क्लोट्रिमॅझोलला श्रेय देता येणार नाही. आणि झोन म्हणजे औषध ताटलीतल्या आगारमधून (कँडिडा वाढवायची जेली) किती लांब पसरलं याचंही माप असतं. क्लोट्रिमॅझोल पाण्याला फटकून असतं, ते आगारमध्ये फार जात नाही. पेंटमधला ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा बेस वेगळा पसरतो. दोन वेगळ्या बेसचे झोन फूटपट्टीनं मोजून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरत नाही.

दुसरं, हे जास्त गंभीर. क्लोट्रिमॅझोल आम्लात तुटतं, इमिडाझोल सुटून जातं. चिटोसानला विरघळून राहायला पीएच साधारण ६.५ च्या खाली हवा. म्हणजे ज्या वातावरणात तुझा पॉलिमर सुखी, त्यात तुझं औषध दुःखी. आजचे निकाल सुंदर येतील. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटातून तीन महिन्यांनी काढ आणि घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर टाक. यूव्हीवर नको, तुटलेले तुकडेही तिथे शोषण दाखवून फसवतील. तोडगा हवा तर चिटोसानऐवजी एचपीएमसी, गेलन किंवा चिंचोक्याचं झायलोग्लुकन असा दुसरा पॉलिमर वापरून बघ. चिंचोके आपल्याकडे पोत्यानं आहेत.

तिसरं, तराजू कर, गाइडांना नाराज करू नकोस. पण सोबत धुऊन जाण्याची चाचणी लाव. अस्तराचा तुकडा काचपट्टीवर चिकटव, पट्टी तिरकी ठेव, भोवती ३७ अंश आणि ओल राहील असा डबा. वरून पेरिस्टाल्टिक पंपानं (नळी दाबत ठरावीक वेगानं द्रव सोडणारा) कृत्रिम लाळ सोड. शांत बसलेल्या माणसाची लाळ मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर असते, तिथून सुरू कर, मग जेवतानाचा वेग दे. खालची लाळ ठरावीक वेळानं गोळा कर, आणि शेवटी अस्तरावर उरलेलं औषध काढून मोज. त्या गोळा केलेल्या लाळेतच कँडिडा वाढते का ते पाहिलंस तर प्रबंधातलं ते पान मी स्वतः वाचायला येईन.

---

शिकाऊ_औषधनिर्माता

सर, पंप विभागात आहे, कुणी वापरत नाही. 😀 कँडिडाचं कल्चर एनसीआयएम या पुण्यातल्या सूक्ष्मजीवसंग्रहाचं आहे. कृत्रिम लाळेत म्युसिन घालायचं का? महाग आहे.

---

खलबत्ता

क्षार आधी. नुसत्या फॉस्फेट बफरपेक्षा कॅल्शियम आणि पोटॅशियम असलेली लाळ घे, जेल ढिलं पडतं ते तिथेच दिसेल. म्युसिन शेवटच्या एक-दोन फॉर्म्युलेशनसाठी राखून ठेव.

---

रानजाई

प्रश्न बावळट वाटेल, पण चिटोसान शाकाहारी आहे का? आमच्याकडे जैन सासूबाई आहेत, कॅप्सूलचं जिलेटिनसुद्धा चालत नाही.

---

खलबत्ता

@रानजाई, बावळट अजिबात नाही, कंपनीत हा प्रश्न मार्केटिंगवाले पहिल्या बैठकीत विचारतात. नेहमीचं चिटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचातल्या कायटिनपासून येतं, त्यामुळे नाही. बुरशीपासून काढलेलंही मिळतं, पण महाग. बुरशीच्या औषधाला बुरशीचाच पॉलिमर! सासूबाईंसाठी एचपीएमसी, कार्बोपॉल, चिंचोका हे सगळे निर्धोक.

---

दातओठ

शेवटचा प्रश्न. समजा या मुलाचं जेल खरंच सहा तास टिकलं. दुकानात कधी येईल?

---

खलबत्ता

@दातओठ, इथे गाडी अडते. औषध जुनं असलं तरी ‘हळूहळू सोडणारं रूप’ म्हटलं की २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स नियमांखाली ते नवं औषध धरलं जातं. परवानगीची पूर्ण वाट चालावी लागते. पाच-पन्नास रुपयांच्या पेंटशी स्पर्धा करणाऱ्या ट्यूबसाठी तो खर्च कुठली कंपनी करेल? माझ्या मते वाट निघाली तर रेडिएशन घेतलेल्या रुग्णांतून निघेल, कारण त्यांना चालेल असा पर्याय सध्या खरंच तोकडा आहे आणि चाचणीसाठी ते कॅन्सर रुग्णालयांत एका छताखाली भेटतात. चव मात्र सांभाळावी लागेल. त्या सोललेल्या तोंडात पुदिना आणि अल्कोहोल झोंबतं, साखर घालायची नाही. मी झायलिटॉल आणि अगदी सौम्य संत्र्यावर थांबेन.

---

ठाणेकरीण

अपडेट: डॉक्टरांनी मायकोनॅझोल नाहीच म्हणून सांगितलं, निस्टॅटिन दिलंय. कवळी रात्री वाटीत. आई रुसलीय.